पहिल्या तारखेचं ताक

मॅलकी गिल्डीनं एक मे रोजी सकाळी सहाला चूल पेटवली आणि तिथेच सगळं बिघडलं, असं गोर्टनामोना गावातली माणसं आजही सांगतात. मॅलकीला हे मान्य नाही. चूल पेटवणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्याला तारखेचं बंधन घालणारा कुठलाही नियम अस्तित्वात नाही, असं तो म्हणतो. आणि नियमांच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जिल्हा कौन्सिलच्या रस्ते आणि बांधकाम परवानगी विभागात त्यानं अडतीस वर्षं काढली होती. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर यानं जागच्या जागी त्याची पोच लिहून दिली.

पण गावाचे नियम वेगळे. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी सर्वांत आधी आपल्या धुराड्यातून धूर निघू नये, याची प्रत्येक घर काळजी घेतं. पहिला धूर ज्याचा, त्याच्या घराकडे त्या मंडळींची नजर वळते. टेकाडांखाली राहणारी ती मंडळी म्हणजे कोण, हे कुणी नाव घेऊन बोलत नाही, आणि त्यांच्यावर विश्वास आहे असंही कुणी कबूल करत नाही. सगळे शिकलेले लोक आहेत. फक्त त्या दिवशी सगळे शिकलेले लोक पडद्याआडून शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघत बसतात.

चूल पेटवायला मॅलकीकडे कारण होतं. नऊ दिवसांपूर्वी त्याची बायको कार्मेल पोटाचं ऑपरेशन करून घरी आली होती, आणि तेव्हापासून दोन-चार चमचे सूप आणि पाणी यापलीकडे तिनं काही घेतलं नव्हतं. समोर ठेवलेल्या ताटाकडे ती अशी बघायची, की ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि आपल्याला राखायला दिलंय. डॉक्टरीणबाई शनिवारी येऊन गेल्या. सोमवारी सुट्टी, मंगळवारी सकाळी पुन्हा येते म्हणाल्या. तोवर हिनं धड काही खाल्लं नाही तर हिला परत हॉस्पिटलात हलवावं लागेल. मग दारापर्यंत जाऊन, आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि या वेळी घरी कधी सोडतील ते मी नाही सांगू शकत, मिस्टर गिल्डी." मॅलकीला त्या वाक्याचा अर्थ कळला. त्यानंतर त्याला झोप लागली नाही.

रविवारी संध्याकाळी कार्मेल भिंतीकडे बघत म्हणाली, "सोडा ब्रेडचा एक तुकडा असता ना, तर खाल्ला असता बघ."

"आणतो की! दुकानातून..."

"दुकानातला नको. घरचा."

चौतीस वर्षं त्या घरात रोज सोडा ब्रेड होत आला होता आणि मॅलकीनं तो रोज खाल्ला होता. तो होतो कसा, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. आता तो वही आणि पेन्सिल घेऊन पलंगाशी बसला.

"पीठ किती?"

"बेताचं."

"बेताचं म्हणजे किती ग्रॅम?"

"हाताला कळतं रे ते."

"कुणाच्या हाताला?"

यावर कार्मेलनं डोळे मिटून घेतले.

शेवटी त्यानं इंटरनेटवर बघून घेतलं. पीठ, खायचा सोडा, मीठ आणि ताक. चार वस्तू. यीस्ट नाही, फुगवणं नाही, रात्रभर झाकून ठेवणं नाही. कालवायचं, गोल करायचं, वर सुरीनं क्रॉस कापायचा आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. दोन शाळकरी मुलींनी पाच मिनिटांत करून दाखवला होता. कौन्सिलात याहून अवघड काम शिपाई करायचा, असं मॅलकीला वाटलं.

ताक घरात नव्हतं. दुधात व्हिनेगर घातलं तरी चालतं असं एका ठिकाणी लिहिलं होतं, त्याप्रमाणे त्यानं केलं. क्रॉसबद्दल मात्र त्याचे मतभेद होते. ब्रेडवर क्रॉस का कापतात, असं त्यानं लहानपणी आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली होती, ती मंडळी आत अडकली तर त्यांना बाहेर पडायला वाट नको का? ज्या माणसानं आयुष्यभर टेकाड, काटेरी झुडूप आणि पुरातन विहीर यांच्या बाजूनं आलेले अर्ज निकाली काढले, रस्ते सरळ नेले, एकासाठीही कधी वळण दिलं नाही, त्यानं आपल्याच स्वयंपाकघरात त्या मंडळींना दरवाजा बांधून द्यायचा? गोळा तसाच, गुळगुळीत, चुलीच्या पोटातल्या ओव्हनमध्ये गेला.

भाजत असताना त्यानं खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. अंगणात ससा बसला होता. पाळीव नव्हे, रानातला, लांब तंगड्यांचा आणि काळ्या टोकाच्या कानांचा. तो गवत खात नव्हता. खिडकीकडे बघत होता. मॅलकीनं हातानं 'जा' अशी खूण केली. सशानं तिची नोंद घेतली आणि विषय प्रलंबित ठेवला.

पंचेचाळीस मिनिटांनी ब्रेड बाहेर आला. रंग चांगला, आकार चांगला. उचलला, तेव्हा मॅलकीचा हात जोरात वर गेला, पाण्यानं भरलेली समजून रिकामी बादली उचलल्यावर जातो तसा. त्यानं ब्रेड वजनकाट्यावर ठेवला. आत गेलं होतं आठशे साठ ग्रॅम. बाहेर आलं होतं एकशे दहा. त्यानं काट्याचे सेल बदलले. एकशे दहा. ब्रेड कापला तर आत काही नव्हतं. वरचं कवच तेवढं होतं, आणि आतून कुणी तरी ते नीट, कडेकडेनं, चमच्यानं खरवडल्यासारखं साफ होतं.

कवचाचा एक तुकडा त्यानं लोणी लावून कार्मेलला दिला. तिनं तो तोंडात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि हळूच हातावर काढला.

"यात काही नाही रे, मॅलकी."

त्यानं स्वतः खाऊन पाहिलं. वाईट लागला असता तर चाललं असतं. तो लागतच नव्हता.

"क्रॉस कापला नाहीस ना?" मागच्या दारातून आवाज आला. शेजारच्या कन्सेप्टा लॅलीबाई. वय अठ्ठ्याहत्तर. दार वाजवणं हा परक्या माणसांचा प्रकार आहे, असं त्यांचं मत होतं. "धूर बघून आले. सहा वाजता! तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही का रे?"

"लॅलीबाई, क्रॉस उष्णता आत जावी म्हणून असतो. शास्त्रीय कारण आहे त्याला."

"मी कुठे नाही म्हणते? उष्णता आत जाते आणि ती मंडळी बाहेर येतात. वाट एकच." बाईंनी कवच उचलून उजेडाकडे धरलं. "बघ. कस काढून नेलाय. अन्न दिसायला तसंच राहतं, आतला कस जातो. माझ्या मामीची गाय अशीच गेली. शेवटपर्यंत चरत होती."

पलीकडच्या खोलीत न जेवणारं माणूस होतं, आणि हे दोघांनाही एकदमच आठवलं. लॅलीबाईंनी कवच खाली ठेवलं.

"परत कर," त्या म्हणाल्या. "व्हिनेगरचे चाळे नकोत. खरं ताक घाल."

"तुमच्याकडे आहे?"

"आहे ना. कालच आणलंय."

"मग द्या."

लॅलीबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. ससा त्यांच्याकडे बघू लागला.

"त्याची तारीख उलटून गेलीय," त्या म्हणाल्या.

"काल आणलेल्याची?"

"आजारी माणसाला द्यायचं म्हणजे माझ्या मनाला लागेल रे, मॅलकी. तू दुसरीकडे बघ."

मॅलकीच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. एक मे. आज या गावात कुणी घराबाहेर दूध देणार नाही, ताक नाही, लोणी नाही, मीठ नाही, विस्तव नाही. दिलं तर वर्षभराची बरकत त्याच्याबरोबर उंबऱ्याबाहेर जाते. आणि या दिवशी जो मागायला येतो, त्याच्याकडे ससा हाताशी धरून गावाचं दूध चोरणाऱ्यासारखं बघतात, ते तर विचारूच नका. पण मॅलकीचा शिक्षणावर विश्वास होता. त्यानं ताकासाठी रिकामा जग उचलला आणि निघाला.

पेट्रोल पंपावरचं दुकान उघडं होतं. तिथल्या मुलीनं ओटचं दूध, बदामाचं दूध आणि नारळाचं दूध दाखवलं. गाईचं ताक बुधवारी येणार होतं. मग राहिला जार्लथ ब्रेहनी. साठ गाईंचा मालक, कृषी पदवीधर, गोठ्यात दूध काढणारा रोबो. मॅलकीला त्याच्याबद्दल आदर होता, कारण त्याचा गोठ्याचा अर्ज एकदाही परत पाठवावा लागला नव्हता.

जार्लथ फाटकाशीच उभा होता. मॅलकीला बघून तो हसला. मग त्याची नजर जगवर गेली आणि हसू थांबलं. मग त्याची नजर मॅलकीच्या मागे गेली, आणि त्यानं फाटकाची कडी लावली.

मॅलकीनं वळून पाहिलं. पन्नासेक पावलं मागे, रस्त्याच्या मधोमध, ससा बसला होता.

"माझा नाहीय तो," मॅलकी म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?" जार्लथ म्हणाला. "बोल. कार्मेल कशी आहे?"

"खात नाहीय. वाटीभर ताक हवं होतं."

जार्लथचा चेहरा खरोखर पडला. कार्मेलनं त्याच्या मुलांना पियानो शिकवला होता. तो कडीशी चाळा करत राहिला. "दिलं असतं रे. पण कच्चं दूध आणि त्याचे पदार्थ असे परस्पर द्यायचे तर नोंदणी लागते. अन्नसुरक्षेचे नियम. मी नाही बाबा नोंदणी केलेली."

"जार्लथ, तुझ्या बायकोनं ख्रिसमसला आम्हाला दोन किलो लोणी दिलं होतं."

"ते डिसेंबरात."

"नियम डिसेंबरात नव्हते?"

"लेका, तू मला नियम शिकवू नकोस!" जार्लथ ओरडला, आणि लगेच ओशाळला. "अडतीस वर्षं तू या गावाला हेच सांगितलंस. 'माझी इच्छा आहे हो, पण नियम.' एकदा मला सांगू दे की."

मॅलकी रिकामा जग घेऊन परत फिरला. ससा बाजूला झाला, त्याला पुढे जाऊ दिलं, आणि पुन्हा पन्नास पावलं मागून येऊ लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडदे हलत होते. अख्ख्या गावात वेळेवर कर भरणारा तो एकमेव माणूस, आणि आज त्याला बघून बाया घरात ताकाची भांडी झाकत होत्या. अपमान त्याला फार झाला, पण तो गिळायला सवड नव्हती. अकरा वाजले होते, आणि उद्या सकाळी डॉक्टरीणबाई येणार होत्या.

घरी आला तर स्वयंपाकघरात धूर. चुलीत राख साचली होती आणि टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा नुसत्या धुमसत होत्या. त्यानं राखेची बादली भरली आणि मागच्या दाराकडे निघाला. दारात लॅलीबाई आडव्या आल्या.

"आज राख बाहेर जायची नाही!"

"मग ठेवू कुठे?"

"घरात. उद्या टाक."

"बाई, धुरानं कार्मेल गुदमरेल!"

"खिडकी उघड. धूर गेलाय तो गेलाच, राख जाऊ द्यायची नाही. बरकत असते तीत."

मॅलकीनं वाद घातला असता, पण आतून कार्मेल खोकली आणि त्याचा वाद संपला. बादलीत न मावलेली राख भाजायच्या ट्रेमध्ये गेली, मग मोठ्या पातेल्यात, मग फुलं रंगवलेल्या सूपच्या भांड्यात, जे लग्नात मिळालं होतं आणि कधी वापरलं नव्हतं. छतावरची धुराची घंटा ठणाणा वाजू लागली, तेव्हा त्यानं स्टुलावर चढून तिचा सेल काढला. लॅलीबाई मंतरलेलं पाणी आणायला आपल्या घरी गेल्या. मॅलकी राखेच्या तीन भांड्यांमध्ये उभा राहिला. कोट राखाडी झाला होता. समोरच्या वाडग्यात पीठ, सोडा, मीठ, आणि मध्ये ताकासाठी केलेलं रिकामं आळं.

तेव्हाच जार्लथचा कुत्रा भुंकायचा थांबला. तो कुत्रा सकाळपासून रात्रीपर्यंत भुंकायचा, म्हणून थांबला ते कळलं.

"ताक शोधताय म्हणे."

मागच्या दारात एक बाई उभी होती. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी, हातात झाकणाचा पांढरा डबा. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रेनकोट निथळत होता. मॅलकीनं तिचा चेहरा नीट पाहिला असं त्याला वाटतं, पण पुढे लॅलीबाईंनी वर्णन विचारलं तेव्हा त्याला फक्त रेनकोट सांगता आला.

"हो. पण आपल्याला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सहा वाजता धूर दिसला की."

"माफ करा, मी आपल्याला ओळखलं नाही."

"तुम्ही कसे ओळखणार? आपला पत्रव्यवहार होता. रस्त्याबद्दल. आमच्या घरावरून गेला ना तो."

मॅलकीची पाठ आपोआप ताठ झाली. "हरकत नोंदवली होती?"

"नोंदवली होती की! मुदतीनंतर आली म्हणून परत पाठवलीत. तुमचीच सही होती."

"मुदत सगळ्यांना सारखीच असते, बाई."

"अगदी खरं," बाई मोकळेपणानं म्हणाली. "ती काही कुणाला चुकत नाही." आणि तिनं पलीकडच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

मॅलकी सरकून त्या दाराच्या आड उभा राहिला. आपण असं का केलं, ते त्याला सांगता आलं नसतं. "किती झाले ताकाचे?"

"काही नको."

"असं कसं? काही तरी..."

"काही नको म्हटलं ना. भूक लागू दे तिला." तिनं डबा टेबलावर ठेवला.

त्यानं ताक वाडग्यात ओतलं आणि डबा परत द्यायला वळला, तर दार रिकामं होतं. उंबऱ्यावर पाणी ठिबकलं होतं. पायरीवर नव्हतं, वाटेवर नव्हतं. आपल्या अडतीस वर्षांत गोर्टनामोनातून एकच रस्ता गेला, आणि त्या रस्त्यावर घर नव्हतं, हे त्याला आता आठवलं. गोल टेकाड होतं, वर झुडपं. नकाशावर त्यानंच 'रिकामी जागा' असा शिक्का मारला होता. विचार करायची ही वेळ नव्हती. त्यानं पीठ कालवलं. ते हाताला आपण होऊन एकत्र येत होतं, आणि 'हाताला कळतं' म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदा कळलं. मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून त्यानं पट्टी ठेवली आणि वर क्रॉस कापला, चांगला खोल.

वीस मिनिटांत वास सुटला. लॅलीबाई बाटली घेऊन दारात आल्या त्या तिथेच थबकल्या. वास घरभर पसरला, आणि आतून आवाज आला.

"मॅलकी? ब्रेड लावलास का रे?"

नऊ दिवसांत कार्मेलनं आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. मॅलकीला एकदम रडू आलं आणि त्यानं ते धुरावर ढकललं.

"ताक कुणी दिलं?" लॅलीबाईंनी विचारलं.

"आली होती एक बाई. भली होती बिचारी."

"कुठली?"

मॅलकीनं ओव्हनचं दार उघडून ब्रेडकडे पाहिलं.

"मॅलकी, आज पहिली तारीख. या गावात आज कुठलं माणूस ताक देईल?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "बदल्यात काय मागितलं?"

"काही नाही."

लॅलीबाई खुर्चीवर बसल्या. "मागितलं असतं तर बरं होतं रे."

ब्रेड बाहेर आला. भरगच्च, जड, क्रॉसच्या चारही पाकळ्या उमललेल्या. काट्यावर आठशे ग्रॅम. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"हा तिला द्यायचा नाही," लॅलीबाई कुजबुजल्या. "ज्यानं त्यांचं खाल्लं तो त्यांचा होतो. इथल्या अन्नावरून त्याचं मन उडतं."

"तिचं उडालंच आहे! उद्या तिला घेऊन जातील, बाई. परत आणतील की नाही, माहीत नाही."

"मॅलकी!" आतून हाक आली. "किती वेळ रे? मला भूक लागलीय."

लॅलीबाईंचे डोळे भरले. कार्मेलवर त्यांचाही जीव होता. "माझी आई म्हणायची," त्या कशाबशा म्हणाल्या, "जे काही असतं ते पहिल्या तुकड्यात असतं. तो निघाला की उरलेला नुसता ब्रेड. पहिला तुकडा काढून टाक."

"टाकू कुठे?"

"बाहेर... नाही. आज बाहेर नाही टाकायचं."

"चुलीत?"

"त्यांचं अन्न जाळणार? वेड लागलं का तुला?"

"मग उद्यापर्यंत ठेवू?"

"घरात? रात्रभर? ती रोगी बाई असताना?"

मॅलकी गिल्डी आयुष्यभर अशाच फायली सांभाळत आला होता. स्वीकारता येत नाही, परत पाठवता येत नाही, नष्ट करता येत नाही, प्रलंबित ठेवता येत नाही. अशा वेळी कुणा तरी अधिकाऱ्याला आपल्या जबाबदारीवर सही करावी लागते, आणि तो अधिकारी आपण असू नये याची त्यानं अडतीस वर्षं काळजी घेतली होती. त्यानं सुरी घेतली, कडेचा जाड तुकडा कापला, आणि लॅलीबाई 'अरे, अरे' करेपर्यंत उभ्या उभ्या खाऊन टाकला.

त्याची चव कशी होती, हे मॅलकीनं कुणाला सांगितलेलं नाही. आपण आजवर जेवलोच नव्हतो, असं त्याला वाटलं. शेवटचा घास त्याला थुंकावासा वाटला, इतका चांगला होता की भीती वाटली. तो त्यानं गिळला आणि हात धुतले.

मग त्यानं दुसरा तुकडा कापला, लोणी लावलं आणि आत नेला. लॅलीबाई दारात उभ्या राहून पुटपुटत होत्या. कार्मेल उशीला टेकून बसली होती. तिनं तुकडा घेतला, वास घेतला, चावला. ती चावत राहिली, गिळलं, आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं?" मॅलकीनं विचारलं.

"सोडा जास्त झालाय."

लॅलीबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. कार्मेलनं नावं ठेवत ठेवत तीन तुकडे खाल्ले. पीठ फार मळलंस म्हणाली. चूल आधी नीट तापवायची असते म्हणाली. दारातून दिसणाऱ्या लग्नातल्या सूपच्या भांड्यात राख कुणी भरली, हेही तिनं चौथ्या तुकड्याच्या वेळी विचारलं. मंगळवारी डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनाही एक तुकडा मिळाला, आणि हॉस्पिटलचा विषय निघाला नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी मॅलकीनं चहात साखर घातली नाही असं वाटून आणखी दोन चमचे घातली. मग आणखी दोन. मंगळवारी त्यानं मोहरी चमच्यानं खाऊन पाहिली. बुधवारी तो बागेत गेला आणि कच्चा कांदा फोडला. डोळ्यांतून पाणी आलं, पण जिभेवर काही आलं नाही. सगळं दिसायला तसंच होतं. बेकन बेकनसारखं, बटाटा बटाट्यासारखा. आत काही नव्हतं.

तो बोलला नाही. कार्मेल बरी होत होती. जून महिन्यात ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. जुलैत तिनं स्वतः ब्रेड केला. तिच्या गालांवर मांस भरलं आणि तिचा आवाज चढला. रोज सकाळी ती विचारायची, "कसा झालाय?" आणि आयुष्यात एकाही कागदावर खोटं न लिहिलेला तो माणूस म्हणायचा, "छान." फक्त त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता.

नोव्हेंबरात एके सकाळी त्यानं दोन तुकडे खाल्ले, छान म्हणाला आणि तिसऱ्याला हात घातला. कार्मेलनं तेव्हा कुठे आपला पहिला घास तोंडात टाकला, आणि लगेच बशीत काढला. बोलण्याच्या नादात तिनं मीठ दोनदा घातलं होतं. तो ब्रेड जनावरानंही तोंडात धरला नसता. तिनं वर पाहिलं. मॅलकी शांतपणे चावत होता.

कार्मेल त्याच गावची होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मे महिन्यापासून."

"पहिला तुकडा तू खाल्लास."

"कुणी तरी खायला हवा होता."

"आणि सहा महिने बोलला नाहीस?"

मॅलकीनं घास गिळला. "तक्रार करायची तर नेमकी कुणाकडे, हेच कळेना."

कार्मेल उठून खिडकीशी गेली. मग तिनं डोळे पुसले, तो ब्रेड कोंबड्यांना न टाकता कचऱ्यात टाकला, आणि नवं पीठ काढलं.

हल्ली त्या घरी जेवायला बसलं की ती आधी स्वतः एक घास खाते आणि मग त्याला सांगते. आज मीठ बरोबर आहे. ताकाचा आंबटपणा मागाहून येतोय. कड जरा करपलीय, पण ती करपलेली चव बरी लागतेय, तुला आवडली असती. लोणी मात्र जार्लथकडचं, खारट. मॅलकी ऐकत ऐकत चावतो. मध्येच थांबून विचारतो, "म्हणजे कालच्यापेक्षा बरा?" आणि ती आणखी एक घास खाऊन, नीट विचार करून, त्याला सांगते.